वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची येत नसे. शाळेचा गणवेश यायचा तो पुढच्या वर्षी बरोबर बसेल असा, आणि चपला यायच्या त्या पुढे कापसाचा बोळा कोंबून चालाव्या लागतील अशा. वाढत्या अंगाचं घ्यायचं, हा बाबांचा नियम होता. वस्तू अंगाला नीट बसली की त्यांना ती फसवणूक वाटायची. दुकानदाराने बोटभर कापड मारलं, असा त्यांचा चेहरा व्हायचा. माझं सगळं बालपण बाह्या दुमडण्यात गेलं. हल्ली ढगळ कपड्यांची फॅशन आली आहे म्हणे. हौसेने ढगळ घालणाऱ्या लोकांची मला कीव येते.

मी अजून केस पांढरे होण्याच्या वयाची नाही, तरी आठवणी लिहायला बसले आहे. त्याचं कारण सरळ आहे. खेळाडूचं म्हातारपण इतरांच्या कितीतरी आधी येतं. माझी पाठ सकाळी मला विचारल्याशिवाय वाकत नाही, आणि गुडघ्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो. तेव्हा उमेदीच्या काळातल्या एका सायकलीबद्दल आताच लिहिलेलं बरं. ती वारा कापणारी सायकल होती. तिने वारा फारसा कापला नाही, पण बाकी पुष्कळ काही कापलं.

आम्ही राजुऱ्याच्या पलीकडे, कोळशाच्या उघड्या खाणीजवळच्या गावात राहायचो. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. घराएवढ्या डंपरचे बोल्ट आवळणं हे त्यांचं काम, आणि जगातली प्रत्येक वस्तू नीट आवळली की सुधारते हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुपारी ब्लास्टिंगचा भोंगा वाजायचा. तो वाजला की आई हातातलं काम टाकून आधी गोळाभाताच्या गंजावर झाकण ठेवायची. मग जमीन हलायची, फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि छतावरून काळी पूड खाली यायची. परगावचे पाहुणे घाबरून उठून उभे राहायचे. आम्ही जवसाची चटणी पुढे सरकवायचो. त्या घराबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना जंगल, वाघ असलं काहीतरी ऐकायचं असतं. आमच्याकडे कोळशाची भुकटी होती, आणि अंबाडीच्या भाजीतही तिची चव लागायची.

वारा काय असतो हे मी त्या रस्त्यावर शिकले. कॉलेज दूर होतं, शाळेत असताना मिळालेली लोखंडी सायकल होती, आणि रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग. ट्रक मागून आला की तो आधी बाजूला ढकलतो, मग पुढे जाताना आत ओढतो. जी पोरगी त्या दोन झटक्यांच्या मधल्या क्षणात हँडल सरळ ठेवू शकते, ती ट्रकच्या मागे शिरते. तिथे वारा नसतो. ताडपत्री फडफडते, दातांत कच येते, पण पाय आपोआप पळतात. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आईला कळलं असतं तर सायकल विकली असती, आणि बाबांना कळलं असतं तर त्यांनी ट्रकवाल्याला गाठलं असतं. अशा रीतीने कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय मी वेगवान झाले. एका जिल्हा स्पर्धेत गियरच्या साध्या सायकलवर पहिली आले, आणि तिथून माझ्यामागे मार्गदर्शक लागले.

पहिले मार्गदर्शक म्हणजे डॉक्टर. ते चंद्रपूरला दातांचा दवाखाना चालवायचे आणि रविवारी सायकलवाल्यांचा ग्रुप. हा ग्रुप म्हणजे एक पाहण्यासारखी गोष्ट होती. पोटं सुटलेली भारदस्त माणसं अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून ताडोब्याच्या रस्त्याला निघायची, पहिल्या टपरीवर तर्री पोहे खायची, दुसऱ्या टपरीवर फोटो काढायची आणि ऊन चढायच्या आत घरी परतायची. प्रत्येकाची सायकल आधीच्यापेक्षा महाग. कुणाची सायकल किती हलकी आहे यावर त्यांचे वाद व्हायचे, आणि वाद घालणाऱ्यांपैकी कुणीही स्वतःचं वजन बोलून दाखवत नसे. डॉक्टर त्यांचे गुरू. बुटके, गोरे, तुळतुळीत पायांचे. त्यांची सायकल परदेशी होती, काळी, तिच्या नळ्या पाण्याच्या थेंबाच्या आकाराच्या. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मी एकदा नुसती घंटी शोधत होते तर म्हणाले, "बेटा, हिला घंटी नसते. ही वारा कापते."

"कापून काय करते?" मी विचारलं होतं. त्यांना तो प्रश्न अडाणी वाटला. मला अजूनही तो चांगला प्रश्न वाटतो.

पण माझा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दूरच्या शहरात एक सायकलिंगची प्रबोधिनी होती. तिथे राहायला वसतिगृह, शिकवायला प्रशिक्षक, पुढे नोकरीची वाट. आमच्या भागातून मुलींसाठी एकच जागा होती आणि तिची निवड चाचणी त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी होणार होती. प्रत्येकीने एकटीने घड्याळाविरुद्ध धावायचं, जिची वेळ सर्वांत कमी ती जाणार. वयाची अट अशी की माझ्यासाठी ती पहिली आणि शेवटची संधी. मला ती जागा हवी होती. खेळाचं प्रेम वगैरे होतं, पण त्याहून जास्त मला घरातून जायचं होतं. घर वाईट होतं म्हणून नव्हे. त्या घरात माझ्याबद्दलचा प्रत्येक निर्णय आई, बाबा आणि दादा अशी बाकी तिघं मिळून घ्यायची, आणि निर्णय झाल्यावर मला बाह्या दुमडायला सांगायची.

डॉक्टर म्हणाले, असल्या सपाट रस्त्यावर घड्याळाविरुद्ध धावायचं तर वारा कापणारी सायकलच पाहिजे. ते बरोबर होतं. मूर्ख माणसं अधूनमधून बरोबर असतात, हा जगाचा एक मोठा त्रास आहे. सायकल कशी घ्यायची, पैसे कुठून आले, हे मी लिहिणार नाही. आमच्यासारख्या घरांच्या आठवणींत तोच हिशोब असतो आणि तो वाचून मला कंटाळा आला आहे. पैसे उभे राहिले एवढं पुरे.

सायकल निवडायचं काम दादाने अंगावर घेतलं. दादा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसला होता. दिवसा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आणि उरलेला वेळ मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा, किंवा त्याच्या उलट. आठवडाभरात तो वाऱ्याचा अधिकारी झाला. फ्रेम कसली, चाकाची कडा किती खोल, हँडलच्या तारा आतून की बाहेरून, यावर तो जेवताना व्याख्यान द्यायचा, आणि आई त्याच्या ताटात भात वाढत राहायची. डॉक्टरांच्या सायकलला जे होतं ते सगळं त्याने यादीत घेतलं. पायडल तीच, त्यात अडकणारी बुटाच्या तळाची पकड तीच, बाटलीचा रंगसुद्धा तोच. सायकलचा पत्ता नव्हता तेव्हा त्याने स्वतःसाठी सायकलवाल्यांचा टी-शर्ट मागवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवराही मीच होते आणि बाशिंग त्याने बांधलं होतं.

मग माप घ्यायचा दिवस आला. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, मांड्यांमध्ये जाड पुस्तक धरायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. दादाने त्याचं परीक्षेचं जाडजूड गाइड दिलं. त्या गाइडचा आमच्या घराला झालेला तो एकमेव उपयोग. बाबा आणि दादा अंगणात गेले, आईने टेप धरला. माप आलं आणि कोष्टकात पाहिलं, तर मला लहान फ्रेम लागत होती. डॉक्टरांच्या सायकलची होती तीच. मला वाटलं, झालं. मी भोळी होते.

"एवढी मोलाची वस्तू आणि मापाची घ्याची?" बाबा आत येता येता म्हणाले. "उद्या पोरगी वाढली त?"

"बाबा, मी एकोणीस वर्षांची आहो. आता कुठी वाढीन?"

"पाय वाढतेच. मानसाचे पाय वाढत राहते."

"तुमचे वाढले का?" आई म्हणाली. "लग्नात होते तेवढेच आहे."

बाबा हसले नाहीत. त्यांनी दादाकडे पाहिलं, कारण घरातला शिकलेला तो. दादा खोकला. मग म्हणाला, एक नंबर मोठी घेतली तरी फरक पडत नाही, सीट पुढे सरकवता येते, हँडलचा तुकडा आखूड लावता येतो, व्हिडिओत दाखवलं आहे. आणि मग अगदी सहज, "अन् कधी मले चालवाची झाली त मलेही होईन." तेव्हा मला सगळा उलगडा झाला. आमच्या घरात आलेली वस्तू एकाची कधीच नसते. मोबाईल आला तो सगळ्यांचा, टेबल आलं ते सगळ्यांचं. सायकलचं मापही मग आम्हा भावंडांची सरासरी काढून ठरलं. वारा कापायला फ्रेमपेक्षा माणसाचं अंग जास्त महत्त्वाचं, अंगाची नीट घडी झाली पाहिजे, हे दादाच्याच व्हिडिओत सांगितलेलं होतं. त्याने ते पाहिलंही होतं. पण बघणं आणि ऐकणं यात आमच्याकडे बरंच अंतर असतं.

नागपूरहून खोकी आली. कार्बनची फ्रेम हातात घेऊन बाबांचा चेहरा उतरला. "हे त रिकामी आहे," ते म्हणाले. हलकी वस्तू त्यांना आयुष्यात कधी चांगली वाटली नव्हती. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून जोडणी सुरू झाली. ब्रेकच्या आणि गियरच्या तारा फ्रेमच्या पोटातून न्यायच्या होत्या, म्हणजे बाहेर वाऱ्याला अडायला काही नको. एका भोकातून तार आत घालायची आणि दुसऱ्या भोकातून ती बाहेर यायची वाट पाहायची. ती यायची नाही. दादा व्हिडिओ मागे-पुढे करायचा, लोहचुंबक फिरवायचा, फुंकायचा. व्हिडिओतला गोरा माणूस शीळ घालत एका मिनिटात तार काढायचा, आणि दादा त्याला शिव्या द्यायचा. टीव्ही चालू, कुकरच्या शिट्या चालू, मधेच ब्लास्टिंग. शेवटी एका संध्याकाळी बाबांनी वैतागून फ्रेमला चापट मारली आणि तार बाहेर आली. दादाने लगेच सांगितलं की त्याने आधीच कोन बदलला होता. मी त्या दिवसांत एकदाही पान्याला हात लावला नाही. लावायचा प्रयत्न केला, तर दोघंही एकाच वेळी म्हणाले, "तू चालवाचं पाह्य."

सायकल उभी झाली आणि तेव्हाच तिची खरी खोड कळली. ती उभी राहत नव्हती. असल्या सायकलला स्टँड नसतो. शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची आणून दिली होती, ती बाबांनी नम्रपणे परत केली; आपल्यात चालत नाही म्हणाले. आईने खीर केली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, आणि सायकल भिंतीला टेकवून आम्ही त्रिशरण घ्यायला बसलो. दुसऱ्या शरणालाच सायकल भिंतीवरून घसरली आणि टीव्हीवर पडली. कुणी डोळे उघडले नाहीत. पंचशील पूर्ण झालं. पण बाबांच्या आवाजावरून मला कळलं होतं की त्यांचं मन आता शीलावर नाही, स्टँडवर आहे.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमधून स्वतः घडवलेला स्टँड घेऊन आले. सुंदर काम होतं, हे मी मान्य करते. पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला त्याचा जबडा बसायचा. दादा म्हणाला, कार्बनला असं आवळत नाहीत बहुतेक. बहुतेक! एवढ्या व्हिडिओंनंतर त्याच्या तोंडून बाहेर पडलेला तो एकच कामाचा शब्द, आणि तोही त्याने पुटपुटला. बाबांनी खाणीतला पाना लावला आणि डंपरचा बोल्ट आवळावा तसं आवळलं. आतून बारीक आवाज आला, वाळली काडी मोडावी असा.

"बाबा, काहीतरी तुटलं."

"तुटत नाई. बसलं ते." त्यांनी सायकल स्टँडवर उभी केली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिली. ती सरळ उभी होती. त्यांचा आनंद मला आजही आठवतो आणि आजही त्याचा राग येतो, कारण त्या आनंदापुढे मला काही बोलता आलं नाही.

मी त्या सायकलवर सराव केला. अंगाची घडी व्हायच्या ऐवजी मी तिच्यावर ताणली जायचे. हँडलच्या खालच्या वाकाला हात पोचवायला मला सीटच्या टोकावर सरकावं लागायचं, आणि मान दुखून रात्री उशी नकोशी व्हायची. खोल कडांची चाकं ट्रकच्या झटक्याने अशी फिरायची की मला रस्ता बदलावा लागला. हळूहळू, जोर लावला की मागून कुरकुर येऊ लागली, आणि स्टँडच्या जबड्याच्या कडेला एक रेघ दिसू लागली. दादाला दाखवली. तो म्हणाला, "कार्बन स्टीलपेक्षा मजबूत राह्यते." मग मी थेट डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दाताच्या पेशंटला थांबवून, हातमोजे न काढता, रेघ पाहिली. थोडा वेळ जास्तच पाहिली. आणि म्हणाले, "पेंटची रेघ आहे बेटा." नागपूरचा दुकानदार त्यांनीच सुचवलेला होता. मी शहाण्या माणसांचं तोंड वाचायला तिथे शिकले. ज्याला खरंच काही वाटत नाही, तो इतका वेळ पाहत नाही.

स्टँड काढून पाहू, असं मी घरी दोनदा म्हटलं. शर्यतीच्या दिवशी काढू, असं उत्तर मिळालं.

चाचणी गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर होती. दोन्ही बाजूंना जंगल, रस्ता मोकळा, मोहफुलांचा गोड आंबूस वास. पहाटेपासून फुलं वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेने परतत होत्या आणि बिल्ले लावलेले स्वयंसेवक त्यांच्यावर शिट्ट्या फुंकत होते, जणू रस्ता त्या सकाळीच बांधला होता. आम्ही भाड्याच्या गाडीने आलो. डॉक्टर त्यांच्या ग्रुपसह आले, सायकली गाडीच्या टपावर बांधून. माझा नंबर शेवटचा होता, यायला वेळ होता. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने माझी सायकल पाहिली आणि तो हसायलाच लागला.

"हे काय लावलं? स्टँड? दूध टाकाले चालली का?"

ग्रुपवाले हसले. दादा जमिनीकडे पाहू लागला. बाबांनी खिशातून पाना काढला, गुडघ्यावर बसले आणि जबडा सोडवला. खाली रंगाचा पापुद्रा निघाला. रेघ नळीला वेढा घालून गेली होती आणि तिच्यात काळे तंतू तुटून वर आले होते. बाबांनी अंगठ्याचं नख लावलं, तर ते आत गेलं.

डॉक्टर लगबगीने पुढे आले. "काही नाही हो भाऊ, वरवरचं आहे. कॉस्मेटिक म्हणतात त्याला. चल बेटा, बिनधास्त जा."

"काहीच होत नाई ना, डॉक्टर?" मी विचारलं.

"अगं नाही, मी सांगतो ना!"

"मंग तुम्ही बसा. त्या वळणापर्यंत जोरात जाऊन या. तोपर्यंत मी तुमची पकडून उभी राह्यतो."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. ग्रुपमधल्या दोघांचे मोबाईल वर होते. ते मघापासून सगळं शूट करत होते. डॉक्टर म्हणाले की त्यांच्या बुटांची पकड वेगळी आहे. दादा म्हणाला, "सेमच आहे, डॉक्टर. मी पाहूनच घेतली होती." तो हे इतक्या निरागसपणे म्हणाला की मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल माया वाटली. डॉक्टर म्हणाले, त्यांची कंबर आज जरा धरली आहे.

"बसू नका, साहेब," बाबा खालूनच म्हणाले. "फुटली आहे हे. मीच फोडली. हाताले सवय आहे, आवळलं की आवळलं." मग ते उठले, गुडघ्याची धूळ न झटकता डॉक्टरांसमोर उभे राहिले आणि त्यांचे हात एकमेकांकडे येऊ लागले. आमच्या बाबांनी मॅनेजरपुढेही हात जोडले नव्हते. युनियनच्या संपात सगळे वाकले तेव्हा हा माणूस एकटा सरळ उभा होता, असं आई सांगायची.

"बाबा, तुम्ही नका मागू," मी म्हटलं. "मले पाह्यजे, मी मागतो. डॉक्टर, तुमची सायकल द्या. माह्या मापाची आहे. मले शर्यत हारून घरी नाई जाचं."

त्यांनी दिली. दयेने दिली, असं त्यांच्या ग्रुपमध्ये पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं. मोबाईल चालू नसते तर दिली असती का, याचं उत्तर मला माहीत आहे आणि त्यांनाही. देताना म्हणाले, "सांभाळून, खड्डा बघ." दादाने सीट नखभर वर घेतली. या वेळी त्याचं काम बरोबर झालं. मी बसले आणि हात आपोआप हँडलच्या वाकात गेले. पाठ आडवी झाली, कोपर आत आले. काहीही दुमडायला लागलं नाही.

आता मला एक गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहिताना मला आनंद होत नाही. ती सायकल अप्रतिम होती. पहिल्या वळणानंतर वारा माझ्या कानांवरून असा निघून गेला की पुढे ट्रक नसताना ट्रकच्या मागे असल्यासारखं वाटलं. दातांत कच नव्हती, कुणाचा हॉर्न नव्हता, साग आणि ऐनाची झाडं मागे पडत होती आणि पाय थकायला विसरले होते. डॉक्टरांची सगळी पोपटपंची, दादाचे सगळे व्हिडिओ, सगळं खरं होतं. इतकी चांगली वस्तू टपरीवर तर्री पोहे खायला जात होती, याची मला इतकी चीड आली की परतीचा अर्धा रस्ता मी त्या चिडीवरच काढला. रडूही आलं. मी माझ्या मापाच्या वस्तूवर आयुष्यात पहिल्यांदा बसले होते, आणि ती दुसऱ्याची होती.

शेवटची रेघ ओलांडून थांबले तेव्हा डॉक्टर धावत आले. मला वाटलं, माझ्याकडे. त्यांनी आधी सायकल ताब्यात घेतली. पिशवीतून फवाऱ्याची बाटली आणि निळं मऊ फडकं काढलं आणि हँडल पुसायला लागले, जिथे माझे हात होते तिथे, मग सीट, मग पुन्हा हँडल. आमच्या लोकांना अशा पुसण्याचा अर्थ लावावाच लागतो, आणि लावला की तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं, असं ऐकावंही लागतं. डॉक्टर पावसाचा थेंबसुद्धा पुसायचे, हेही मी पाहिलेलं होतं. तरी माझ्या हातातली पाण्याची बाटली मी त्यांच्याकडे फेकणार होते. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे पाहिलं. ते पुढे झाले आणि त्यांनी डॉक्टरांच्या हातातून ते फडकं काढून घेतलं. ओढलं नाही, नुसतं घेतलं.

"द्या इकडे," ते म्हणाले. "दुसऱ्याची मशीन वापरली त पुसून देतात, आमच्या वर्कशॉपात असंच असते. तुम्हाले जमून नाई राह्यलं."

ते खाली बसले आणि पुसू लागले. साखळीच्या दात्यांमधून, चाकाच्या काड्यांच्या मधून, जिथे डॉक्टरांचं फडकं जन्मात गेलं नव्हतं तिथून. डॉक्टर हात रिकामे घेऊन उभे होते आणि त्यांना कुठे पाहावं कळत नव्हतं. मी बाबांच्या शेजारी बसले. मला त्यांच्याबरोबर पुसायचं होतं, किंवा त्यांना उठवायचं होतं, मला नक्की माहीत नव्हतं. तेवढ्यात मांडवातून कर्ण्यावर प्रबोधिनीसाठी निवडलेली म्हणून माझं नाव आलं. एकदा, मग आडनावासकट पुन्हा. दादा कुठेतरी ओरडला. आई मोठ्याने रडायला लागली. बाबांनी मान वर केली नाही.

"तुहं नाव घेतलं ना?"

"हो."

"मंग जाय. हे मी करतो."

मी उठले आणि गेले. त्या घरी मी आता पाहुणी म्हणून जाते.